टिल्लूचं खातं उडवलं त्याची गोष्ट

संगणकावरून माणूस काढून टाकणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! ऑफिसात मी तेच काम करतो. कुणी नोकरी सोडली, की निरोपाची भाषणं संपायच्या आत मी त्याचं खातं बंद करून जागेवर येऊन बसलेला असतो. एकदा तर एका साहेबांनी भाषणाच्या ओघात राजीनामा मागे घेतला! त्यांना स्वतःच्याच संगणकात शिरायला माझ्याकडे रीतसर अर्ज करावा लागला.

तर त्या शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत मी जाहीर केलं, "आज मी घरच्या संगणकाची साफसफाई करणार!"

कुणी वरसुद्धा पाहिलं नाही. बायको लॅपटॉपवर चित्र रंगवत होती, आई टीव्हीसमोर बसली होती आणि लेकीच्या कानात गाण्यांचे नेहमीचे बोळे होते. मोठ्या कामांचं घरात असंच स्वागत होतं.

आमची व्यवस्था आधी सांगतो. चपलांच्या कपाटात, वरच्या खणात, आमचा मोठा संगणक असतो. लिनक्सवर चालतो. घरातला प्रत्येकजण आपापल्या लॅपटॉपवरून किंवा टीव्हीवरून आपलं सामान त्याच्यावर ठेवतो. प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येक खात्याचा एक फोल्डर. त्या फोल्डरला लिनक्समध्ये 'होम' म्हणतात, म्हणजे ज्याचं त्याचं घर. आणि प्रत्येक घराला मी जागेची मर्यादा घातली होती. शिस्त हवी!

सुरुवातीला कुरकुर झाली. बायको लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आजवर दुसऱ्यांच्या गोष्टींना काढली. या वेळी मात्र गोष्टही तिची आणि चित्रंही तिचीच. पोहायला घाबरणाऱ्या एका पाणघोड्याची गोष्ट. वर्षभर ती त्या पाणघोड्याच्या मागे होती.

"अरे, माझा पाणघोडा मावत नाहीये," ती म्हणाली होती.

"मग लहान काढ!"

आईच्या मालिकांचे भाग मावत नव्हते. मी म्हटलं, "बघून झालेले पुसून टाक." ती म्हणाली, "अरे, बघून झालेलेच तर पुन्हा बघायचे असतात!" लेक गाणी रचून रेकॉर्ड करते, तिला मी आखूड गाणी रचायला सांगितलं. मग हळूहळू सगळ्यांच्या तक्रारी थांबल्या. घराला शिस्त लागली! मी ऑफिसात आमच्या घराचं उदाहरण द्यायला लागलो.

राहिला टिल्लू. टिल्लू म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नाव टिल्लू, पण आमच्या दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते. मधे नोकरी बदलताना काही महिने तो आमच्याकडे राहिला. आल्या आल्या माझ्या डोक्यावर उभा राहून "भावोजी, माझंही खातं!" म्हणाला, त्या घाईत त्याला मर्यादा घालायची राहून गेली. वर मी रोज पहाटे सगळ्यांच्या सामानाची दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढतो, त्यातून मात्र त्याला आठवणीने वगळलं. पाहुण्याच्या चपलांचा कुणी विमा काढतं का?

तसा टिल्लू गुणी माणूस. भांडी घासायचा, आईला डॉक्टरकडे न्यायचा, कधी उलट बोलला नाही. रात्री मात्र… असो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतो. आणि त्याचं खातं? मी आकडा बघितला आणि उडालोच! निम्मी डिस्क एकट्या टिल्लूची! माणूस गेला, तरी त्याचं सामान फुगतच चाललं होतं.

"सिनेमे!" मी स्वतःशी म्हटलं. "लांबून सिनेमे साठवतोय लेकाचा!" उघडून बघितलं नाही. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावायचं नाही, हे माझं तत्त्व आहे.

मी खातं काढायचा हुकूम टाइप केला. त्याच्यापुढे एक छोटी रेघ आणि 'आर' हे अक्षर लावलं, की खात्याबरोबर त्याचं घरही साफ होतं. मी लावलं! लिनक्स अशा वेळी "नक्की ना?" वगैरे विचारत बसत नाही. माणसाला तो शहाणा समजतो.

एंटर! निम्मी डिस्क मोकळी झाली. मी शीळ घातली.

आणि घराला टिल्लूचा उमाळा आला.

आधी लेक आली. कानातले बोळे हातात. "बाबा, टिल्लूमामाचं खातं… बरं आहे ना?"

"खात्याला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज विचारलं," असं म्हणून ती दारातच घुटमळत राहिली. ही मुलगी माझी तब्येतसुद्धा कधी विचारत नाही!

मग आई. "अरे, टिल्लू होता तेव्हा घर कसं भरलेलं वाटायचं नाही? त्याचं संगणकावरचं सगळं जसंच्या तसं असेल ना रे?"

"आहे की!" मी ठोकून दिलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा?

"मग मला का दिसत नाही…" आईने जीभ चावली.

"काय दिसत नाही?"

"रिमोट! रिमोट दिसत नाही!"

रिमोट तिच्या हातात होता. मला काळजीच वाटली. घरातली माणसं एकाएकी इतकी हळवी झाली, ती काय हवापालटामुळे? मी चपलांच्या कपाटापासून स्वयंपाकघरापर्यंत उगाच येरझाऱ्या घालायला लागलो.

तेवढ्यात बायकोची हाक आली. ती लॅपटॉपवरून संपादकबाईंशी बोलत होती. "हो हो, आत्ता पाठवते, एकच मिनिट हं," असं म्हणून ती माझ्याकडे वळली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "अरे, मला आज टिल्लूची खूप आठवण येतेय. त्याचं ते खातं…"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "झालंय काय आज सगळ्यांना? तो काय लढाईवर गेलाय? आणि त्याच्या खात्याची आरती ओवाळायची असेल, तर ते आता नाही! मी ते सकाळीच उडवलं! घरादारासकट!"

लॅपटॉपमधून संपादकबाई "हॅलो? हॅलो?" म्हणत होत्या.

"पाणघोडा त्यात होता," बायको म्हणाली.

"तुझा पाणघोडा टिल्लूच्या घरात काय करत होता?"

"तू त्याला माझ्या घरात मावू देत नव्हतास!"

मग सगळं बाहेर आलं. टिल्लूने आल्या दिवशीच सगळ्यांना आपला पासवर्ड वाटला होता. "माझ्याकडे वाट्टेल तेवढी जागा आहे. भावोजींना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल." आईच्या मालिका तिथे, लेकीची गाणी तिथे, पाणघोडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिथे! मी ज्याचं ऑफिसात उदाहरण देत होतो, ते शिस्तीचं घर गेले कित्येक महिने सहकुटुंब टिल्लूकडे राहत होतं.

"पण प्रत आहे ना?" बायको म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रतीवर व्याख्यान देतोस! रोज काढतोस ना?"

"काढतो की. सगळ्यांची."

"मग?"

"टिल्लू सोडून."

ती खुर्चीतून उठली आणि जमिनीवर बसली. पानं आज संध्याकाळी छापखान्यात जायची होती. ती गेली नसती, तर पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं असतं, आणि पुढच्या वर्षीसाठी तरी पानं आता होती कुठे? ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"थांबा!" मी ओरडलो. "पुसलेलं लगेच जात नाही! त्यावर नवीन काही लिहिलं गेलं, की जातं! आधी संगणक बंद करायला हवा!"

आणि मी कपाटाकडे धावलो. चपलांवरून घसरलो, तसाच हात घालून एक प्लग उपटला. तो इंटरनेटचा निघाला! संपादकबाई बोलता बोलता गेल्या. दुसरा उपटला, टीव्ही गेला. आई म्हणाली, "ते काम तर तू आधीच केलंयस!" तिसरा प्लग मात्र बरोबर लागला.

फोन वाजला. बायको बोलायच्या मनःस्थितीत नव्हती, म्हणून मी घेतला.

"मधेच बंद केलंत! त्या रागावल्या का?" संपादकबाई.

"नाही हो, तुमच्यावर नाही," मी धापा टाकत म्हणालो. "पाणघोडा गेला!"

"गेला? अहो, शेवट बदललात? मुलांच्या पुस्तकात? बुडाला का?"

"पूर्ण!"

"बापरे! एकही मूल झोपणार नाही! वाचवा त्याला!"

"तेच करतोय!" मी फोन ठेवला.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला. एकेक तुकडा वर यायला लागला. सगळे माझ्या मानेवर वाकून बघत होते. पहिल्यांदा आला पाणघोड्याचा एक कान. मग आईच्या मालिकेतल्या सासूचं निम्मं तोंड. मग लेकीचं एक गाणं, तेही एका सुरावर अडकलेलं. कान, सासू आणि सूर यांतून पुस्तक होण्यासारखं नव्हतं.

"टिल्लूला फोन कर," बायको म्हणाली.

"त्याला कशाला?"

"त्याची माफी माग. त्याचंही काही असेल ना त्यात. कुणी विचारलं तरी का?"

खरंच, ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फोन लावला. "टिल्लू, मी तुझं खातं…"

"उडवलंत ना, भावोजी? कळलं मला सकाळीच."

"कसं काय?"

"तिकडचं सगळं रोज माझ्या खोलीतल्या डिस्कवर उतरतं. आज बघायला गेलो, तर आतच घेईना."

"म्हणजे तू… प्रत काढतोस? सगळ्याची?"

"तुम्ही माझी काढत नव्हतात, ते मी बघितलं होतं. म्हटलं बोलायला नको, तुम्हाला वाईट वाटेल."

"अरे, मग सकाळीच फोन का नाही केलास?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. म्हणून काढून टाकलंत."

मी त्याला काय म्हणालो, ते नीट आठवत नाही. "ये रे बाबा, लवकर ये," असं काहीतरी म्हणालो असेन. आवाज बारीक झाला होता एवढं खरं.

टिल्लू आला. दारात मान वाकवली. एका बगलेत डिस्क होती आणि दुसऱ्या बगलेत उशी.

"उशी कशाला?" मला धडकी भरली. का, ते सांगत नाही.

"एवढं सामान परत चढवायचं म्हणजे वेळ लागणार ना, भावोजी. आणि खोलीच्या रंगाचं काम काढलंय मालकांनी."

आधी पाणघोडा चढला. सगळी पानं होती! बायकोने टिल्लूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडली. शेवटच्या पानावर सकाळी रंगवलेलं पाणघोड्याचं हसू तेवढं गेलं होतं, कारण ते टिल्लूच्या प्रतीनंतरचं होतं. ते तिने तिथेच घाईघाईने पुन्हा काढलं. छापखान्याचं दार बंद व्हायच्या आत पानं पोहोचली. संपादकबाईंना नवं तोंड फार आवडलं. इतका ओशाळलेला प्राणी त्यांनी कधी पाहिला नव्हता म्हणे! ते तोंड कुणासारखं दिसतं, यावर आमच्या घरात एकमत आहे.

त्याच संध्याकाळी बायकोने संगणकाचा मुख्य पासवर्ड बदलला. आता घरात कुणालाच मर्यादा नाही. म्हणजे, एक सोडून. माझं नवं खातं तिने 'पाहुणा' या नावाने उघडलंय आणि त्यात एखादं पत्र मावेल एवढीच जागा आहे.

म्हणून ही गोष्ट ठेवायला मला तिच्याकडे जागा मागावी लागली. तिने आधी वाचायला घेतली, आणि मधला एक लांबलचक परिच्छेद सरळ पुसून टाकला.

"झोपेत माणूस कसले आवाज काढतो, ही काय छापायची गोष्ट आहे? माझा भाऊ आहे तो! हे राहिलं, तर जागा मिळणार नाही."

मी निमूटपणे मान डोलावली. खोलीचा रंग अजून वाळायचाय म्हणे. टिल्लू भिंतीपलीकडे दुपारची झोप काढतोय, टेबलावरचा कप बशीत थरथरतोय, आणि त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.