नाना आणि पोलंडचं कुंपण

मे महिन्यात शिंदखेड्याला भर दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, तुम्ही आमच्या नानांना सहज म्हणून बघा, "काय ऊन आहे हो आज." नाना चष्म्यावरून तुमच्याकडे बघणार आणि म्हणणार, "मी समोरना बाजूना शे." म्हणजे मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे. मग उपरण्यानं मान पुसत पुसत ते तुम्हाला पटवून देणार की हे काही ऊन नव्हे, ऊन होतं ते त्यांच्या लहानपणी. तुम्ही दमून म्हणालात, "बरं बाबा, नाही ऊन," की संपलात. कारण नाना लगेच म्हणणार, "नही कसं? चटके बसी ऱ्हायनात मानसाले."

मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करते. समोरच्या बाजूला कितीही नामांकित वकील उभा असू द्या, मी मागे सरत नाही. लोक विचारतात, एवढं धाडस कुठून आणलंस? कुठून म्हणजे काय, नाना नात्याचे कोणी नव्हेत, पण मी त्यांच्या पुढ्यात वाढले. आणि नुसती वाढले एवढंच नाही. आज अंगावर काळा कोट आहे तोच मुळी नानांमुळे. ते कसं, हे आता एकदाचं सांगून टाकते.

नाना आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत कापसाचे ग्रेडर. शेतकरी गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "एक नंबर माल आहे नाना." नाना चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचे, धागा उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, "दोन नंबर." मग जुंपायची. पस्तीस वर्षं रोज दिवसभर वाद, आणि वर त्याचा पगार. असा माणूस एक दिवस रिटायर झाला, घरी आला, आणि घरात वाद घालायला कोणी नाही. बायको आधीच गेलेली. एकच मुलगी, शोभाताई, ती लग्न होऊन पाचोऱ्याला. जित्याची खोड, ती जाणार कुठे? नाना आमच्या दुकानात येऊन बसायला लागले.

आमचं दुकान म्हणजे बाबांचं टेलरिंगचं दुकान, बसस्टँडच्या रस्त्याला. तिथे पेपर यायचा. सकाळी दहाला नाना हजर. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, घडी घालायची आणि बाबांना विचारायचं, "मास्तर, तुनं काय म्हननं शे?" बाबा कापड कापता कापता काहीतरी बोलायचे. नाना तयारच असायचे, समोरच्या बाजूला. तिसरे नामदेवआबा. ते बाकावर बसून झोपायचे, पण मत द्यायला बरोबर जागे व्हायचे. मागच्या बाजूला मी काजं-बटणं करत बसायचे आणि कान पुढे ठेवायचे.

ह्या दुकानात नानांनी एक नियम घातला होता. समोरच्या हॉटेलातून चहा आला की ग्लास उचलायच्या आधी सगळ्यांनी बाजू बदलायची. "चहा उना, बाजू बदला." आतापर्यंत ज्या बाजूनं बोललात, चहानंतर तिच्या विरुद्ध बोलायचं, आणि मन लावून बोलायचं. जो बदलणार नाही त्याला चहा नाही. नामदेवआबांना हे कधी जमलं नाही. ते म्हणायचे, "अरे, सकायपासून मी ज्याले चोर म्हनी ऱ्हायनू, त्याले आते साव कसा म्हनू?" पण चहा सोडवायचा नाही, म्हणून म्हणायचे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पेपरात बातमी आली की अमेरिकेच्या नव्या सरकारनं पोलंडमधली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची योजना रद्द केली. आधीच्या सरकारनं शब्द दिला होता, नव्यानं तो मोडला. आता खरं सांगा, ह्याच्याशी शिंदखेड्याचा काय संबंध? पण नानांनी तो पेपर जपून ठेवला आणि आठ दिवस दुकानात दुसरा विषय येऊ दिला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

नानांनी पहिल्याच दिवशी मामला समजावून सांगितला. पोलंड म्हणजे एक लहान शेतकरी. रशिया म्हणजे बांधाला बांध लागून असलेला मोठा शेतकरी. अमेरिका लांबच्या गावची, पण पैसेवाली. ती पोलंडला म्हणाली, तुझ्या शेताला मी तारेचं कुंपण करून देते, रानडुकरं येतात ना. इथे रशिया पेटला. म्हणाला, रानडुकरं कुठे आहेत इकडे? हे कुंपण माझ्यासाठी आहे. झालं, मग अमेरिकेत घरचा कारभार बदलला आणि नवा कारभारी म्हणाला, कुंपण रद्द.

"बरोबर केलं," बाबा म्हणाले. "शब्द मागच्यानं दिला, नव्यानं का निस्तरायचा?"

"मी समोरना बाजूना शे," नाना म्हणाले, आणि आठवडा सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी बाबा इतके रंगात आले की नामदेवआबांच्या पँटचं कापड कापताना दोन्ही पाय डावेच कापले. कापडाला सुलट-उलट बाजू होती, त्यामुळे फिरवून लावायची सोय नाही. चाळीस वर्षांत अशी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. आबा कापड बघून शांतपणे म्हणाले, "राहू दे मास्तर. एखाद्याचे दोन्ही उजवे कापी टाक, म्हणजे हिशोब बसी जाई." बाबा दोन दिवस खाली मान घालून फिरत होते.

पण बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं ते पोलंडमुळे नव्हतं. ते माझ्यामुळे होतं. मी बीए झाले होते, आणि पुण्याच्या लॉ कॉलेजच्या दुसऱ्या यादीत माझं नाव आलं होतं. बाबांनी मला हो म्हटलं होतं. मी बॅग आणली, मैत्रिणींना सांगितलं, आईनं चिवडासुद्धा केला. आणि मग एका संध्याकाळी चुलतकाका येऊन बसले. पोरगी एकटी पुण्यात, लोक काय म्हणतील, उद्या स्थळं कशी येतील. काका गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याचं राहू दे बेटा. इथंच बघू काहीतरी." प्रवेशाची मुदत दहा दिवसांवर होती. मी भांडले नाही. भांडायचं काय, त्यांचा चेहराच पार उतरला होता. मी मुकाट्यानं दुकानात काजं करत बसले. मनात मात्र सारखं चालायचं, की आता संपलं.

नानांना हे कोणी सांगितलं, मला ठाऊक नाही. आठव्या दिवशी ते नेहमीप्रमाणे आले. बाबा त्या दिवशी "रद्द केलं ते बरोबर" ह्या बाजूला होते, आणि जोरात होते. म्हणाले, "लांबच्या ठिकाणी जोखीम घ्यायचीच कशाला? उद्या काही झालं तर धावून कोण जाणार? आणि शेजारीपाजारी नाराज होतात ते वेगळंच. आपलं आपल्या घरात बरं." नाना त्या दिवशी फारसं तोडत नव्हते. नुसते विचारत होते, "अजून? अजून काय?" आणि बाबा सांगत होते.

तेवढ्यात समोरून चहा आला.

"चहा उना," नाना म्हणाले. "मास्तर, आते पोलंडच्या बाजूनं बोल. मन लाई बोल."

बाबा हसले. कात्री हातातच होती. म्हणाले, "बरं. पोलंडच्या बाजूनं. तर पोलंडनं काय मागितलं होतं? काहीच नाही. तुम्हीच म्हणालात, तयारीला लाग. त्यानं तयारी केली. घरात सांगितलं, गावात सांगितलं. तुमच्या भरवशावर बसला. आता तुम्ही म्हणता रद्द. का, तर शेजारी बोलतो. अरे, शेजारी आज हे बोलेल, उद्या ते बोलेल. त्याच्या बोलण्यावर तुम्ही तुमचा शब्द फिरवणार? रद्द करताना पोलंडला एका शब्दानं विचारलं का, की बाबा तुझ्यावर काय गुजरेल? तो बिचारा काही बोलत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असं थोडंच आहे? मग शब्द दिला कशाला पोरीला?"

माझी सुई काजात अडकून राहिली.

नामदेवआबा जागे झाले. "कोनती पोरगी?" त्यांनी विचारलं.

बाबांनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझ्याही. आता नियमानं नानांची पाळी होती. रद्द करणं कसं योग्य, हे नानांनी बोलायचं होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. नानांनी ग्लास रिकामा केला, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "माझ्याकडे मुद्दा नाही." आणि उठून गेले.

नानांची एक गंमत सांगायची राहिली. वाद घालताना ते अहिराणी बोलतात. अगदी मनातलं बोलायचं असलं की शुद्ध मराठी येते, सरकारी अर्ज लिहिल्यासारखी. त्यामुळे "माझ्याकडे मुद्दा नाही" हे ऐकून आबासुद्धा सावरून बसले.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः माझ्याबरोबर पुण्याला आले आणि फी भरून परतले. चुलतकाका महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. आईला ते बरंच वाटलं.

पुण्याला राहायला जायच्या आदल्या दिवशी मी नानांच्या पाया पडायला गेले. नाना ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी सरळ विचारलं, "नाना, तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

त्यांनी अजून एक पाकळी सोलली. मग शुद्ध मराठीत म्हणाले, "शोभाला नर्सिंगला नंबर लागला होता. नाशिकला. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस माझ्याशी वाद घालत होती. मी तिचा एकेक मुद्दा ओढून बघितला आणि तोडला. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे मुद्दा उरला नाही. मी जिंकलो." पाकळी ताटलीत टाकून ते पुढे म्हणाले, "तेव्हा मधेच कोणी चहा आणून मला बाजू बदलायला लावली असती, तर मला कळलं असतं. तो नियम मी नंतर केला."

तेवढ्यात फोन वाजला. शोभाताईंचाच होता. रोज त्या वेळेला यायचा. नानांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज सगळ्या ओट्याला ऐकू जायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारून झालं. मग नाना म्हणाले, "शोभा, ते पोलंडचं रद्द केलं, ते बरोबर का चूक?"

"तुम्ही म्हणाल ते, नाना."

"मी म्हणतो, बरोबर केलं."

"हो नाना. बरोबरच केलं."

"नही. चूक केलं."

"हो नाना. चूकच केलं." मग शोभाताई म्हणाल्या, "गार पाणी पिऊ नका हं," आणि फोन ठेवला.

नाना फोनकडे बघत राहिले. "फार गुणी पोरगी आहे," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून एकदासुद्धा मला नाही म्हणाली नाही."

बसमध्ये मी नरडाण्यापर्यंत रडत होते, आणि ते मी लपवत नाही. पुण्याला जायला मिळालं म्हणून रडले, आणि शोभाताईंना मिळालं नाही म्हणूनही रडले. माझ्या वाट्याला आलेला तो चहाचा ग्लास त्यांच्या वाट्याचा होता. हे उपकार मी कुणाचे मानायचे, नानांचे की शोभाताईंचे? मी दोघांचेही मानते. रोज मानते. कोर्टात उभी राहिले की पहिली आठवण त्यांचीच येते.

आता नानांनी ऐंशी ओलांडली, शोभाताईंकडे पाचोऱ्याला राहतात. दुकान बंद झालं, बाबांना दिसत नाही नीट. नामदेवआबा गेले. मी धुळ्याहून दर रविवारी नानांना फोन करते, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना खोडून काढते. पाऊस चांगला झाला म्हणाले तर मी वाईट झाला म्हणते. शेजारच्या बायका म्हणतात, काय ही पोरगी, म्हाताऱ्या माणसाशी भांडते. भांडते तर भांडते. शोभाताईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, रविवारी ते चार घास जास्त जेवतात."

गेल्या रविवारी मी सांगितलं की एका मुलीची केस जिंकले, शिक्षणाचीच होती. नाना खूश झाले. मग आवाज बदलला, शुद्ध मराठी आली. "हे सगळं तुझ्या वडिलांचं मोठेपण आहे," ते म्हणाले. "माझा त्यात काही हात नाही. मी काय, नुसता बोलणारा माणूस. आणि ज्या वेळी ऐकायचं होतं, त्या वेळी ऐकलं नाही."

"साफ चूक नाना," मी म्हटलं. "ऐकून घ्या आता, मुद्द्यानं सांगते."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बोल," नाना म्हणाले. "ऐकी ऱ्हायनू मी."