नळीवर राहण्याचा अर्ज

मंगळवारी सकाळी सात नंबरच्या खाटेवरील पेशंटच्या लघवीच्या नळीला चिकटलेल्या जिवाणूंनी कायम वास्तव्यासाठी अर्ज दिला. वॉर्डच्या सिस्टर वैजयंती लोटलीकर यांनी तो चष्मा लावून वाचला.

खाटेवर रघुवीर मेस्त्री होते. व्यवसायाने सुतार. छपरावरून पडून खुबा मोडला होता. ऑपरेशनला चार दिवस झाले होते.

"अर्जदार किती?" सिस्टरनी विचारलं.

"काल चाळीस होतो. आजची मोजणी चालू आहे," नळीतून उत्तर आलं. "या प्लास्टिकला बारीक चरे आहेत, त्यात छान टेकता येतं. सध्या नुसते टेकलोय. दुपारी चिकट थर घालू. मग औषधही आत शिरत नाही. म्हटलं, त्याआधी मंजुरी घ्यावी."

"पेशंटच्या संमतीचा रकाना कोरा आहे."

"तेवढं राहिलं खरं."

मेस्त्रींची बायको शेवंताबाई त्यांना पेज भरवत होती. तिचा हात थांबला. गेल्या वर्षी तिच्या भावाला अशाच नळीतून ताप चढला होता. तेव्हा कुणी अर्ज केला नव्हता. भाऊ घरी आलाच नाही.

मेस्त्रींनी अर्ज दोनदा वाचला.

"सरस ओला आहे तोवर फळी सुटते," ते म्हणाले. "वाळला की फळी फुटते, पण जोड सुटत नाही. माझी संमती नाही. पण तुम्ही आधी सांगितलंत, हे उपकार मी विसरणार नाही."

"आभारी आहोत. नकार लेखी मिळावा."

तो मिळाला. डॉक्टर आले, कागद पाहून जरा ओशाळले. "नळीची गरज तशी कालच संपली होती," असं म्हणत त्यांनी सही केली. अकरा वाजता नळी निघाली आणि कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली. अर्जदारांनी तक्रार केली नाही.

शनिवारपर्यंत ताप आला नाही. मेस्त्री वॉकर धरून दारापर्यंत चालले.

"त्यांचे आभार मानायचे राहिले हो," शेवंताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"पिशवी गेली," सिस्टरनी सांगितलं. " पण जिन्याच्या कठड्यावर त्यांचे नातेवाईक असतात."

शेवंताबाईने कठड्याला हात लावून नमस्कार केला. "सुखी राहा रे बाबांनो."

"राहा म्हणू नका," सिस्टर म्हणाल्या, "लगेच अर्ज करतात." आणि त्यांनी तिच्या तळहातावर सॅनिटायझर ओतलं.