ग्रीअरची बदली मी करवली

बास्केटबॉलचा संघ बांधणं ही काही फार अवघड गोष्ट नाही. टोलिडोचा आमचा ग्लासमेन संघ मी अकरा दिवसांत नव्यानं उभा केला, तोही टायरच्या दुकानात, लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभ्या उभ्या. संघाच्या कचेरीत सूटबूट घालून बसणाऱ्यांना ते चार वर्षांत जमलं नव्हतं. यंदा आम्ही ब्याऐंशीपैकी एकसष्ट सामने हरलो. कुणीतरी डोकं चालवायला हवं होतं, आणि माझं रिकामंच होतं.

माझी योजना सोपी होती. तरुण पोरं ठेवायची आणि लमाँट ग्रीअरला काढायचं. ग्रीअर म्हणजे रिंगखाली उभा राहणारा आमचा सेंटर. वय पस्तीस, उंची सात फूट, आणि धावायला लागला की कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटावं. त्याला अल्बुकर्कीच्या संघाला द्यायचा आणि त्यांचे दोन तरुण गडी आणायचे. झालं!

उन्हाळ्यात सामने नसतात. तेव्हा आमच्या गावात लोक रेडिओवर फोन करतात. दुपारी तीन ते सहा मॉन्टीचा कार्यक्रम असतो, त्यात कुणीही फोन लावावा आणि संघ कसा चालवावा ते सांगावं. मी रोज साडेतीनला लावायचो.

"बोल, टायरवाल्या लेनी," मॉन्टी म्हणायचा. "आज कुणाला काढतोस?"

"ग्रीअरला."

"काल त्यालाच काढला होतास."

"अजून गेला नाही ना तो!"

दुकानातला माझा जोडीदार रूडी तेवढा कुरकुर करायचा. "अरे, दहा वर्षं खेळतोय तो आपल्यासाठी. घरदार आहे त्याचं इथं."

"मग मी काय त्याला तुरुंगात धाडतोय? तिकडे ऊन छान असतं म्हणतात."

घरी मात्र या विषयाला दाद मिळत नव्हती. बर्नी, माझी बायको, संसार एकतीस वर्षांचा. ती शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. ती खाणावळ बंद झाली तेव्हा बर्नी सहा महिने खिडकीशी बसून होती. मी काय वाट्टेल ते करून पाहिलं, पण बाई हसेना. मग गेल्या वर्षी नदीपलीकडच्या एका बड्या घरी तिला स्वयंपाकाचं काम मिळालं आणि ती पुन्हा गुणगुणायला लागली. मालकाचं नाव बाहेर सांगायचं नाही, अशा कागदावर तिची सही घेतली होती. मी आपला समजून चाललो की कुणी मोठा सर्जन असणार.

आता तुम्हीच सांगा, कुठला सर्जन नाश्त्याला चौदा अंडी खातो? पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदा ती म्हणाली, "साहेबांनी पलंग खास बनवून घेतलाय. साध्या पलंगात पाय मावत नाहीत त्यांचे." मी म्हणालो, श्रीमंतांचे चोचले. आणखी एकदा जेवताना म्हणाली, "लेनी, त्या ग्रीअरच्या मागे का लागलायस? दमट हवेत त्याचा डावा गुडघा फार दुखतो."

"तुला काय माहीत?"

"दिसतं की," असं म्हणून ती पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या वाढायला उठली.

मला वाटलं, एकतीस वर्षांनी का होईना, बायको माझ्यासाठी बास्केटबॉल बघायला लागली. मला अगदी भरून आलं.

सात जुलैला साडेतीन वाजता मॉन्टीनंच मला फोन लावला. "लेनी, गेला ग्रीअर. अल्बुकर्कीला. बदल्यात दोन तरुण. तू सांगितलंस तस्सं!"

मी हादरलोच. माझं कधी कुणी ऐकत नाही. दुकानातला पंखासुद्धा रूडीच्या मर्जीनं फिरतो. आणि इथं अख्ख्या संघानं ऐकलं! टायर बदलायला आलेले लोक माझ्याशी हात मिळवू लागले. मी बेकरीत गेलो, मोठा केक घेतला, त्यावर 'सुखानं जा, ग्रीअर' असं लिहून घेतलं आणि तरंगतच घरी आलो.

दारात लांबलचक काळी गाडी उभी होती. आत आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या खुर्चीवर लमाँट ग्रीअर बसला होता. त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले होते आणि डाव्या गुडघ्यावर आमची बर्फाची पिशवी होती. शेजारी बर्नी उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

माझ्या हातात केक होता. खोक्याचं झाकण पारदर्शक होतं.

"लेनी," बर्नी म्हणाली, "हे माझे साहेब."

कसाबसा "हॅलो" म्हणालो.

"हाच तो आवाज," ग्रीअर म्हणाला. "बसा ना, मिस्टर वोझ्नियाक." माझ्याच घरात मला बसायला सांगत होता, आणि मी बसलो. "बर्नी काम करताना रेडिओ लावते. साडेतीनला मीही असायचो तिथं."

मी बर्नीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मी यांना सूप वाढत असायची आणि तू यांना कपाट म्हणायचास," ती म्हणाली. "सही केली होती मी त्या कागदावर. नाहीतर पहिल्याच दिवशी तुझं तोंड बंद केलं असतं."

ग्रीअरनं पिशवी नीट केली. "तुम्हाला एक सांगायचं होतं. माझ्या करारात कलम आहे. मी नको म्हटलं तर मला कुणी हलवू शकत नाही."

हे कलम माझ्या योजनेत नव्हतं.

"तीन वर्षं ते विचारत होते आणि मी नको म्हणत होतो. वाटायचं, गावाला मी हवा आहे. मग तुमचं ऐकलं. रोज. बाकीचे आडून बोलतात, तुम्ही सरळ बोललात. शेवटी मंगळवारी सही करून टाकली."

तो टोमणा मारत नव्हता. खरंच आभार मानत होता. त्यापेक्षा त्यानं मला उचलून आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच मी केलं होतं. त्यावर कुणी गाव सोडेल असं वाटलं नव्हतं.

"आणि बर्नीला आम्ही बरोबर नेतोय," तो म्हणाला. "माझी पोरं तिच्या हातचंच खातात."

"मी हो म्हटलंय," बर्नी म्हणाली.

अल्बुकर्की दीड हजार मैलांवर आहे. मी नकाशात पाहून ठेवलं होतं. ग्रीअरला तिथली हवा मानवेल हेसुद्धा मीच रेडिओवर सांगितलं होतं.

ग्रीअरनं झाकणातून केक वाचला. "चॉकलेटचा का?" त्यानं विचारलं. मग एक तुकडा खाल्ला, छान आहे म्हणाला आणि दारातून वाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मॉन्टीला फोन लावला. "ही बदली रद्द करायला सांग त्यांना. ग्रीअरसारखा खेळाडू पुन्हा मिळायचा नाही!"

मॉन्टीनं विचारलं, "लेनी, तब्येत बरी आहे ना?" मागे सगळा स्टुडिओ हसत होता. रूडीनं उठून रेडिओ बंद केला.

संध्याकाळी बर्नी बटाटे सोलत होती. मी विचारलं, "आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"मी पण येतो ना. राहायला जागा देणार आहेत का?"

"बंगल्यामागे दोन खोल्या देतायत."

"मग आपल्या दोघांना पुरतील."

"पुरतील," तिनं बटाटा पाण्यात टाकला. "पण तुला न्यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. ऑगस्टमध्ये सांगते."

आज एकोणीस जुलै. मी रोज भांडी घासतोय, न सांगता कचरा बाहेर नेतोय. मॉन्टीचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. काल न राहवून मी बर्नीला विचारलं, काही आशा आहे का? तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"दहा दिवस तू कुठंही काही बोललेला नाहीस," ती म्हणाली. "सध्या तेवढंच तुझ्या बाजूनं आहे."