लिंबाजीची सोमवारची अंघोळ

टँकरच्या वर्षांत लिंबाजी आमच्या अंगणात येऊन अंघोळ करायचा. पाणी त्याचं, बादली त्याची, बसायची फळीही त्याचीच. आमचं फक्त झाड.

सकाळी फाटक ढकलून यायचा, चिकूच्या आळ्यात फळी टाकायचा आणि घरातल्या माणसांना म्हणायचा, "जरा तिकडं तोंड करा." अंगावर गुडघ्यापर्यंत पट्ट्यापट्ट्याची चड्डी. लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी आपण तोंड फिरवल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही. साबण कधी लावला नाही. साबणानं मुळ्या पोळतात म्हणायचा आणि अंगाला डाळीचं पीठ चोळायचा. सोमवारी आमच्याकडं, मंगळवारी मास्तरांकडं, बुधवारी देवळामागच्या सीताफळाला. गावात लोक एकमेकांना विचारायचे, आज लिंबाजी कुणाकडं न्हातोय?

मला आधी वाटलं, याचं डोकं फिरलंय. मग कळलं की त्यात हिशेब आहे. टँकरचं पाणी पिण्यापुरतं, झाडाला कोण घालणार? अंघोळीचं तेवढं वाया जातं. आणि एका माणसाला दिवसातून अंघोळ एकच. म्हणून पाळी लावलेली.

लिंबाजी आमच्या गावच्या फळबाग सोसायटीत माळी होता. सोसायटीनं रोपवाटिका काढली, पाटी लावली, फोटो काढले. कलमं बांधायचं काम लिंबाजीचं. दुसऱ्याच दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला आणि सोसायटी बंद पडली. पाटी राहिली. लिंबाजीनं उरलेल्या कुंड्या बैलगाडीत घालून घरी नेल्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी म्हणालो, काय बे, सोसायटी बुडाली आन तू अजून कामावरच? तर म्हणाला, "सोसायटी बुडाली. झाडं कुठं बुडाली?"

त्याच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. सोयरीक जुळली होती म्हणतात. पण पोरगी बघायला गेला आणि चहा येईपर्यंत परसातल्या लिंबाच्या काड्या कापताना सापडला, म्हणून मोडली. खरं-खोटं करायला मी एकदा विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "लिंबू चांगलं होतं."

आता कलम म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढं लागणार आहे. खाली कुठल्या तरी रायवळ आंब्याचं रोप असतं, त्याला खुंट म्हणायचं. त्याला चीर पाडून वर चांगल्या झाडाची काडी बसवायची आणि पट्टीनं आवळायची. पण खुंट लबाड असतो. तो जोडाच्या खालून स्वतःचा फुटवा काढतो. तो फुटवा सगळा रस ओढतो आणि वरची काडी उपाशी मरते. झाड मात्र हिरवंगार दिसतं. माणूस खूश असतो आणि पाणी घालत असतो खुंटाला.

लिंबाजीचा जीव या फुटव्यावर जळायचा. कुणाच्याही अंगणात घुसून "खालचं काढा, खालचं काढा" म्हणत चाकू चालवायचा. चौसाळ्याला एका लग्नात आम्ही अक्षता घेऊन उभे, आणि हा मांडवामागं नवरीच्या बापाच्या आंब्याखाली वाकलेला. नवरीच्या मामानं चोर म्हणून मानगूट धरली. हा वर न बघता म्हणाला, "नवरा-नवरी कुठं पळत न्हाईत. हे आधी बघा."

आणि तोंड म्हणजे कोयता. मास्तरांनी हौसेनं केशर आंब्याचं कलम लावलं होतं. पहिलं फळ आलं तेव्हा पावणे बोलावले, ताटात फोडी मांडल्या. लिंबाजी झाडाखाली बसला, बुंधा चाचपला आणि भरल्या घरात म्हणाला, "गुरुजी, केशर तर तुमचा कवाच मेलाय. ह्यो खुंट हाय." मास्तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. लिंबाजी मंगळवारची अंघोळ मात्र तिथंच करत राहिला. खुंट झाला तरी जीव हाय, म्हणायचा.

माझी बायको गया त्याच्यावर डाफरायची. या मेल्याला घरी न्हाणी नाही का, म्हणायची आणि तोंड फिरवायची. पण फिरवता फिरवता चुलीवरचं तांब्याभर कढत पाणी त्याच्या बादलीत ओतून जायची. दोघं त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. तो बादलीत हात घालून बघायचा आणि न्हायला बसायचा.

गयाचा एक आंबा होता, घरामागं. लग्नात कपिलधारकडून, माहेराहून, पदराला कोय बांधून आणलेली. शेप्या आंबा. कापला की शेपूच्या भाजीसारखा वास यायचा. लोक नाक मुरडायचे. मीही मुरडायचो. ती एकटी कोय पांढरी होईपर्यंत चोखायची.

एका दुष्काळी सालच्या फाल्गुनात गया गेली. मला वाढता वाढता खाली बसली ती उठली नाही. मग मी घरामागं गेलोच नाही. पाणी नव्हतं आणि मनही नव्हतं. जेठात बघितलं तर झाड वाळलं होतं. मी कुऱ्हाड काढली.

सोमवार होता. लिंबाजी बादली घेऊन आला, माझ्याकडं बघितलं, झाडाकडं बघितलं.

"कुऱ्हाड खाली ठेवा, दादा. शेंड्याला अजून ओल हाय."

मी म्हणालो, नसता खटाटोप कशाला, तिच्या कोयी पडल्यात ढीगभर, एखादी लावीन. तो म्हणाला, कोयीतून काय निघंल त्याचा नेम नसतो. वैनीचाच आंबा पायजे असंल तर काडीच बांधाय लागंल. आणि साठीचा माणूस झाडावर चढला. चार काड्या मिळाल्या, पेन्सिलीएवढ्या. ओल्या फडक्यात धरून उतरला. घरून रायवळ रोपं आणली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी कलमं बांधली.

तीन मेली. चौथ्याला दोन पानं फुटली. ते दारासमोर लावलं. चिकू तोवर वाळून गेला होता, म्हणून सोमवारची अंघोळ याला मिळाली. मी रोज त्याच्यापुढं बसायचो. काय बोलायचो ते इथं लिहीत नाही.

पुढच्या चैतात मी आठ दिवस पोरीकडं माजलगावला गेलतो. परत आलो तर जोडावर गोणपाट गुंडाळलेलं. लिंबाजी म्हणाला, उन्हानं जोड चिरतो, हे सोडायचं न्हाई. दरवर्षी तो स्वतः नवं गोणपाट बांधायचा, मला हात लावू द्यायचा नाही. झाड झपाट्यानं वाढत होतं.

कलमाला चौथ्या वर्षी फळ येतं. आमच्याला आलं नाही. पाचव्याला नाही, सहाव्याला नाही. लिंबाजीकडं दरवर्षी कारण तयार. दुष्काळातलं हाय, भेदरलंय. मातीत चुनखडी हाय. सातव्या वर्षी म्हणाला, "तुमी सारखं म्होरं बसता, लाजतंय ते."

आठव्या वर्षी फळ आलं. आढीतला पहिला आंबा पिकला तो सोमवारीच. मी कापला, वास घेतला. गोड होता, चांगला गोड. शेपूचा वास नव्हता. दुसरा कापला. त्यालाही नव्हता.

मग मी जाऊन गोणपाट सोडलं. आत करंगळीएवढी वाळकी काडी होती, ट्यूबची पट्टी अजून अंगावर. बुंध्यानं तिला अर्धी गिळली होती. आणि तिच्या खालून निघालेला फुटवा माझ्या मांडीएवढा झाला होता.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. नवल वाटलं. ज्यानं मास्तरांना भरल्या पंगतीत सांगितलं, त्या माणसाला खोटं बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. गोणपाट होतं तसं गुंडाळलं आणि गाठ मारली.

तेवढ्यात फाटक वाजलं. गावात आता नळ आलाय, टँकर बंद झालाय, तरी त्याचा सोमवार चुकत नाही. फोडी बघून त्यानं बादली खाली ठेवली.

"कसा हाय?" त्यानं विचारलं. बघत होता गोणपाटाकडं.

"शेप्याच हाय," मी म्हणालो आणि एक फोड त्याच्या हातात दिली.

त्यानं ती लई वेळ चावली. "वास जरा कमी हाय," म्हणाला.

"दुष्काळातलं हाय."

मी घरात गेलो. चुलीवर माझ्या अंघोळीचं पाणी होतं. तांब्याभर घेतलं आणि बाहेर येऊन त्याच्या बादलीत ओतलं. आठ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. त्यानं बादलीत हात घातला आणि काढलाच नाही, तसाच वाकून राहिला.

"दादा," तो म्हणाला, "जरा तिकडं तोंड करा."

मी केलं. मलाही तेच पाहिजे होतं.