खळ्यातल्या दोन रेषा

पष्टे सरांच्या खळ्यात फक्कीनं आखलेली दोन वर्तुळं होती. एकात एक. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच पांढरी फक्की. सर ती शाळेच्या स्टोअरमधून न्यायचे आणि मी रजिस्टरला 'क्रीडा' लिहायचो. पावसात ती धुऊन जायची. दिवाळीनंतर खळं सारवलं की सर पुन्हा आखायचे. गावातली कुत्री सगळ्या खळ्यांत लोळायची, या खळ्यात नाही. मी अंधश्रद्धाळू माणूस नाही, पण कुत्री जायची नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी धसईकडच्या एका शाळेत हेडक्लार्क. सर तिथेच विज्ञान शिकवायचे आणि आमची घरं कुंपणाला कुंपण लागून. क्लार्कला हो किंवा नाही लिहून हवं असतं. या माणसानं मला बारा वर्षं 'सांगता येत नाही' या तीन शब्दांवर झुलवलं. उद्या सुपरव्हिजनला याल का? सांगता येत नाही. रजेच्या अर्जात लिहायचे, 'दोन दिवस येणार नाही असा अंदाज आहे.' अहो, रजा मागताय की हवामान सांगताय? मी अर्ज परत केला की शांतपणे म्हणायचे, भाऊसाहेब, खोटं कसं लिहू? मुरबाडला जीपवाला "पाच मिंटात सोडतो" म्हणाला, की हे त्याला हटकायचे, की असं बोलू नये. जीप सुटायची पाऊण तासानं आणि सरांचंच खरं ठरायचं. त्याचा मला जास्त राग यायचा.

दिवेलागणीला मात्र सर खळ्यात उभे राहायचे. बाहेरच्या रेषेशी, पायाची बोटं फक्कीला लागू न देता. आणि रिकाम्या वर्तुळाशी बोलायचे. पुटपुटणं नव्हे, चांगलं खणखणीत. आज बाजारात वांगी उतरली. खालच्या शेतात वाल पेरलाय. आईचा गुडघा बरा आहे. मधे कुठे थांबायचे नाहीत. उत्तर येणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यासारखे बोलत राहायचे. ओढ्यावरून येणाऱ्या बायका त्या वेळी वाट वाकडी करून जायच्या. माझ्याही अंगावर काटा यायचा. मी घरात जाऊन रेडिओ मोठा करायचो.

गावानं आपल्या परीनं अर्थ लावला, सर भगत झालेत. पहिली आली ती एका हरवलेल्या म्हशीची मालकीण, नारळ आणि कोंबडा घेऊन. सर म्हणाले, म्हैस कुठे आहे ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी म्हैस आपली आपण गोठ्यात हजर. झालं! बाकीचे भगत काहीतरी सांगतात आणि तोंडावर आपटतात, हा भगत चुकतच नाही, अशी ख्याती पार शहापूरपर्यंत गेली. माणसं यायची, 'सांगता येत नाही' ऐकायची आणि समाधानानं परत जायची. कोंबडे परत पाठवता पाठवता सरांच्या नाकी नऊ आले.

एकदा न राहवून मी विचारलंच, हे चाललंय काय? सरांनी मला रेषेबाहेर उभं करून समजावलं. आकाशात कृष्णविवरं असतात. बाहेरची रेषा ओलांडली की परत येणं नाही, आतून उजेडसुद्धा बाहेर निघत नाही. विवर स्वतःभोवती फिरणारं असेल तर गणितात आत आणखी एक रेषा निघते. तिथवर पडणाऱ्याचं काय होईल ते गणित सांगतं. त्याच्या पलीकडचं सांगत नाही.

मी म्हटलं, म्हणजे अजून शोध लागायचाय.

"तसं नाय, भाऊसाहेब. जगातली झाडून सगळी माहिती हातात दिली तरी पलीकडचं ठरत नाही. तेच समीकरण दहा उत्तरं देतं, आणि दहाही बरोबर."

मोठमोठे विद्वान यावर भांडतायत म्हणे. काही म्हणतात, निसर्ग अशी रेषा टिकूच देत नाही, तिच्यापाशी जाणाऱ्याचा आधीच चुराडा होतो. सर हे फार घाईत बोलले. मग बोलता कोणाशी, म्हटलं. तर म्हणाले, तिकडून काही येत नाही, पण इकडून पाठवलेलं आत पोचतं. दुसऱ्या रेषेशी जाईपर्यंत त्याला आपलं सगळं दिसतं. पुढे आपण जे जे जगू तेही, एका दमात.

'त्याला' म्हणजे कोणाला, हे मला विचारावं लागलं नाही. सुरेश, सरांचा धाकटा भाऊ. ब्याण्णव साली सोळा वर्षांचा. शेणव्याला मामाकडे जातो म्हणून दुपारी निघाला, तो मामाकडे पोचलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, कल्याणपर्यंतचे दवाखाने पालथे घातले. मुरबाडच्या स्टँडवर त्याला एसटीत चढताना पाहिलेली माणसं होती, उतरताना पाहिलेलं कोणी नव्हतं. तो निघताना आईनं थोरल्याला विचारलं होतं, नीट पोचंल ना रे? सरांना टाइमटेबल तोंडपाठ. म्हणाले होते, साडेचारला शेणव्यात उतरेल, लिहून घे. त्यानंतर त्यांनी कशाचंही भाकीत केलं नाही.

दोन हजार चारला बारा वर्षं भरली. बारा वर्षं बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं-तेरावं करून मोकळं व्हायचं, अशी रीत. सरांचे काका मागे लागले, पोराचा जीव लटकलाय म्हणाले. सरांचं उत्तर तेच. मग काकांनी मला मधे घातलं आणि मीही मूर्खासारखा बोलून गेलो, की आईचं वय बघा, एकदा काय तो निकाल लावा. मला आजही त्याची लाज वाटते.

निकाल आईनंच लावला. सर दिवेलागणीला उभे होते तेव्हा ती काठी टेकत खळ्यात आली. मी कुंपणापाशी. वारा पार पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. तिनं नारळ सरांच्या पायाशी ठेवला, परक्या बाया ठेवायच्या तसा, आणि पोटच्या पोराला हात जोडले.

"भगता, माजा सुरेश हाय का नाय?"

"सांगता येत नाय, आये."

"परत येल?"

"नाय येनार. तेवढं येतं सांगता."

आई मान हलवत राहिली. मग म्हणाली, मला बोलू दे त्याच्याशी. आणि वर्तुळाकडे तोंड करून तिनं सुरेशला जे झापलं! मामा वाट बघून बघून गेला, तुला काय त्याचं. भावानं लग्न नाय केलं तुझ्यापायी. बोलता बोलता तिचा आवाज बसला. मग ती सरांकडे वळली.

"तू साडेचार बोल्लास म्हणून तो गेला नाय रे. कर आता त्याचं."

विधीच्या सकाळी मी सरांकडे गेलो तर ते दर्भाची जुडी मांडीवर घेऊन नुसते बसलेले. भटजी म्हणत होते, माणसाच्या मापाचा बांधा. सर मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी बांधा. सोळाचा करू का अठ्ठाविसाचा? किती वाढला असंल, मला येत नाय सांगता."

मी बांधला, अंदाजानं. केळीच्या पानावर निजवला. आई जवळ येऊन बसली, डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वीतभर कमी हाय. बाप उंच व्हता त्याचा."

सरांनी माझ्या हातातला दर्भ घेतला, वीत मोजली आणि जोडायला बसले.