गरम भाग मोजू नये

गांगुर्डेभाऊ हॉकीचा सामना बघताना चेंडू बघत नसत. सगळं मैदान चेंडूमागे माना फिरवायचं आणि भाऊ एकटे भलतीकडेच बघत उभे. सायकलवरून परतताना मला विचारायचे, "जिंकलं कोण रे?"

"भाऊ, तुम्ही तिथंच होतात की."

"चेंडू काय, कोणीही बघतो. चेंडू जवळ नसतो तेव्हा माणूस काय करतो, ते बघावं."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सातपूरला आमचा पंपांचा कारखाना होता. भाऊ तिथे तपासणी विभागात आणि मी त्यांचा टायपिस्ट. यंत्रावरून नुकता उतरलेला भाग कोणी घाईने पुढे केला, की भाऊ हात मागे घेत. "गरम भाग मोजू नये. गरमपणी तो फुगलेला असतो. निवू दे." मोठे साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले तरी भाऊ निवांत चहा पीत. मला तर घाम फुटायचा.

त्या वर्षी कारखान्याचा हॉकी संघ पहिले पाचही सामने हरला. पाचव्यात सात गोल खाल्ले. कॅन्टीनमध्ये जो तो शहाणा झाला आणि साहेबांनी संघच बंद करायचं मनावर घेतलं. संघाची देखरेख पहिल्यापासून भाऊंकडे, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे अहवाल मागितला. भाऊ म्हणाले, "आज नाही, साहेब. गरम आहे."

आठ दिवसांनी त्यांनी मला तीन पानं तोंडी सांगितली. हातात चिटोरंही नव्हतं. डावा बॅक उशिरा वळतो, कारण त्याचा बूट एक नंबर मोठा आहे. सेंटर फॉरवर्ड उत्तरार्धात पाय ओढतो, कारण तो रात्रपाळी करून येतो. अकराही जणांचं असं. टाइप करता करता माझी बोटं थांबली. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आईनेसुद्धा पाहिलं नसेल. शेवटी लिहिलं होतं, 'दोष दुरुस्त होण्याजोगे. बाद करू नये.'

साहेबांनी पाळ्या बदलल्या, बूट आणवले. पुढच्या सातांतले चार सामने जिंकले आणि संघ वाचला.

संघाचा एक अहवाल दरवर्षीच निघायचा; त्याच्या प्रती मात्र भाऊ तीन काढायला लावत. एक साहेबांना, एक फायलीत. तिसरी कुणाला, ते मी त्या वर्षी विचारलं.

"येवल्याला. आमच्या धाकट्या भावाला."

धाकटा शांताराम या संघाचा पहिला गोलकीपर. एकदा सामना हरल्यावर भाऊंनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, तुझ्याच्यानं हे होणार नाही. त्याने पॅड सोडले, नोकरी सोडली आणि येवल्याला सासऱ्यांच्या पैठणीच्या मागावर जाऊन बसला. लग्नकार्यात भेटला तर 'जेवलास का' एवढंच विचारायचा. अहवालाला कधी उत्तर नाही.

"जन्मात एकच भाग गरम मोजला," भाऊ म्हणाले.

मोसम संपल्यावर एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर पोस्टकार्ड ठेवलं. येवल्याचा शिक्का, खाली शांतारामची सही आणि वर एकच ओळ : 'डावा बॅक आता वेळेवर वळतो का?'

मला कोण आनंद झाला. मी लगेच मशीनला कागद लावला. "सांगा भाऊ, काय लिहू?"

भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. कार्ड खिशात ठेवून वरून हात दाबून धरला.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून गरम आहे."