बैठक पाहुण्यांसाठी आहे

आमच्या घरात आम्ही राहत होतो, ही गोष्ट सुरुवातीला कुणालाच आक्षेपार्ह वाटली नव्हती. नळदुर्गच्या जुन्या पेठेतलं ते घर माझ्या आजोबांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. मी महांतप्पा, धान्याचा व्यापारी. घराचा मला फार अभिमान, म्हणून समोरची बैठक मी कायम कुलपात ठेवत असे. आत सोलापूरहून आणलेली सतरंजी, काचेच्या हंड्या, आणि गार वाऱ्याची एक खिडकी.

उन्हाळ्यात माझी बायको इरम्मा म्हणायची, "अवो, घडीभर तिथं बसू द्या की. माजघरात जीव उकडून निघालाय."

"आन् पाव्हणे आले तर?"

पाहुणे क्वचितच येत. पण तत्त्व ते तत्त्व.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात किल्ला पाहायला निजामसरकारच्या कुठल्याशा खात्याचे मोठे अधिकारी आले. त्यांना सगळे मोहतमीमसाहेब म्हणत. ते सरबतासाठी आमच्याकडे थांबले. सतरंजीवरून बोट फिरवून ते थक्क झाले. "सुभानल्ला! वापराचा एक डाग नाही. महांतप्पा, ये घर तो जतन होना!"

माझी छाती फुगली. महिन्याभरात घर जतनाखाली आलं आणि मी त्याचा 'मुहाफिज', म्हणजे राखणदार, झालो. पगार नव्हता, पण दारावर माझ्या नावाची उर्दू पाटी लागली. मला उर्दू वाचता येत नव्हतं. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी ती मोठ्यानं वाचायला लावी.

पहिला हुकूम धुराबाबत आला. धुरानं तुळया काळ्या पडतात, सबब चूल परसात न्यावी. मला पटलं. इरम्मा भर उन्हात भाकरी थापू लागली. दुसरा हुकूम पायांबाबत होता. ये-जा केल्यानं उंबरा झिजतो, सबब घरच्यांनी मागच्या दारानं वावरावं. तेही पटलं. तिसरा हुकूम जास्त अभ्यासपूर्ण होता. वाळवीपेक्षा राहणाऱ्यांचा घराला अधिक उपद्रव होतो, असं खात्याच्या निदर्शनास आलं होतं. वाळवीवर औषध होतं. आमच्यावर नव्हतं. सबब आम्ही घर सोडावं.

मी मोहतमीमसाहेबांकडे धावलो. ते प्रेमानं म्हणाले, "अरे, ये उसूल तो तुम्हाराच है. तुमच्या बैठकीवरूनच शिकलो आम्ही."

स्वतःच्याच उसुलाला, म्हणजे तत्त्वाला, नाही कसं म्हणायचं? आम्ही दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. खाटेतले ढेकूण तेवढे घरी राहिले, कारण त्यांच्या नावे हुकूम निघाला नव्हता.

पत्रा तापायचा. इरम्मा भांडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती. एकदा तिनं विचारलं, "घर बघाया तर जाता येतंय न्हवं?"

शुक्रवारी बघणाऱ्यांसाठी घर उघडत. आम्ही गेलो. दारात कोंडीराम उभा होता. हा आमचाच जुना गडी. खात्यानं त्याला चौकीदार नेमून पितळी बिल्ला दिला होता.

"नाव?" त्यानं विचारलं.

"कोंड्या, डोळं फुटलं का? म्या महांतप्पा!"

"इथं कोंड्या न्हाय म्हणायचं. चौकीदार म्हणायचं. आन् ह्या कोण? घर बघाया आल्यात? म्हंजी पाव्हण्या." त्यानं अदबीनं बैठकीचं कुलूप काढलं. "या बाई, बसा. पाव्हण्यांना बैठकीत बसवायचं, असा हुकूम हाय."

इरम्मा आत गेली आणि खिडकीपाशी सतरंजीवर बसली. खिडकीतून वारा आला. कोंडीरामनं चांगल्या काचेच्या पेल्यातून तिला सरबत दिलं. मीही टेकणार, तोच त्यानं माझा दंड धरला.

"तुमी न्हाय. तुमी मुहाफिज. राखणदारानं उभं ऱ्हायाचं."

मी दारात उभा राहिलो. इरम्मानं पेला खाली ठेवला, सतरंजीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासून वाटायचं, हितं बसावं. हुकूम आला म्हणून बसाया मिळालं. सरकारचं भलं होऊ दे." ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती, तर मला एवढी लाज वाटली नसती.

तुम्ही खुशाल हसा. पण हसून झाल्यावर फडताळातल्या त्या नव्या कपबश्या काढा, आणि घरातल्या माणसांना त्यातून एकदा चहा द्या. एवढं धाडस होत नसेल, तर त्यांना शुक्रवारी आमच्याकडे पाठवा. त्यांना बसायला मिळेल. तुम्ही आलात तर माझ्याशेजारी, दारात, जागा आहे.